वर्षानुवर्षांच्या नैराश्यासाठी दीर्घ मुदतीची थेरपी : घेतलेल्या सेवेचा सविस्तर अभिप्राय

दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकाच व्यक्तीसमोर पन्नास मिनिटे बसायचे, मनात येईल ते बोलायचे आणि हा क्रम दीड-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ चालू ठेवायचा, असे या सेवेचे स्वरूप आहे. ती महाग आहे, संथ आहे, आणि आपण पैसे नेमके कशाचे देत आहोत असा प्रश्न पडावा इतकी ती पहिले काही महिने निष्फळ वाटते. तरीही ज्यांचे नैराश्य वर्षानुवर्षे मुरलेले आहे आणि ज्यांनी गोळ्या व एखादी कमी मुदतीची थेरपी करून पाहिलेली आहे, त्यांना मी ही सेवा घेण्याचा सल्ला देईन. अट एवढीच, की तिचे मोजमाप आठवड्यांच्या हिशेबाने करू नये, आणि ते कधी व कशाच्या आधारे करायचे हे थेरपिस्टबरोबर आधीच ठरवून घ्यावे.

दीर्घकालीन नैराश्य म्हणजे काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेत, पूर्वी ‘डिस्थायमिया’ म्हणून ओळखला जाणारा सौम्य पण चिवट प्रकार आणि वर्षानुवर्षे न हटणारे तीव्र नैराश्य, हे दोन्ही एकाच नावाखाली आणले गेले. निकष असा, की प्रौढ व्यक्तीत किमान दोन वर्षे बहुतेक दिवस उदासी असली पाहिजे. माणूस अंथरुणाला खिळलेला असेलच असे नाही. माझ्या बाबतीत महाविद्यालयातील तास होत होते, पेपर तपासून होत होते, दिवाळीचा फराळही होत होता, फक्त त्यातल्या कशाचीही गोडी लागत नव्हती. आणि हे इतकी वर्षे चालले होते, की घरचे लोक त्याला आजार न मानता ‘हिचा स्वभावच अबोल आहे’ असे म्हणत. मलाही तसेच वाटत होते. कमी मुदतीचे उपचार इथे का लंगडे पडतात, याचे एक कारण यातच आहे. अचानक आलेल्या नैराश्यात परत जाण्यासाठी एक पूर्वीचा, बरा असलेला माणूस शिल्लक असतो. विशीच्या आतच आजार सुरू झालेल्या व्यक्तीला तसा आधीचा स्वतः आठवतच नाही.

थेरपीकडे वळण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडून एकदा नीट तपासणी करून घ्यावी. थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या होतात, कारण त्यांच्या कमतरतेतही अशीच मरगळ येते. गोळ्यांची गरज आहे का, हेही तिथेच ठरते. मी गोळी घेत होते आणि थेरपीच्या काळातही ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवली. थेरपी सुरू केली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते, एवढे सांगून पुढे जाते.

माझी पहिली थेरपी सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती) प्रकारची, ठरावीक सेशनांची होती. विचारांची नोंदवही, त्यातले टोकाचे निष्कर्ष शोधणे, पुराव्यांशी ते ताडून पाहणे, हे सगळे मी चांगल्या विद्यार्थिनीप्रमाणे केले. उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही, पण तो टिकला नाही. त्यावरून कमी मुदतीच्या उपचारांना नावे ठेवणे मात्र अन्यायाचे ठरेल. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून राबवलेल्या प्रयोगात, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अवघ्या सहा ते आठ बैठकांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना मदत केली. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. आपल्यासारख्या देशात सर्वात आधी पैसा आणि माणसे अशाच कामात लावली पाहिजेत, हे मला मान्य आहे. या अभिप्रायाचा विषय, तेवढ्याने न भागणारे लोक हा आहे.

दुसऱ्या टप्प्यात मी ज्या थेरपिस्टकडे गेले, त्यांनी सुरुवातीचे काही महिने ‘सीबास्प’ पद्धतीचा आधार घेतला. अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचे जेम्स मॅक्कलो यांनी ती खास दीर्घकालीन नैराश्यासाठीच विकसित केली. आपल्या वागण्याचा समोरच्या जगावर काही परिणाम होतो, ही जाणीवच अशा रुग्णाची बोथट झालेली असते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून प्रत्येक सेशनमध्ये नुकताच घडलेला एक छोटा प्रसंग घेऊन त्याची चिरफाड करायची.

उदाहरण देते. परीक्षेच्या कामाचे वाटप करताना विभागप्रमुखांनी पर्यवेक्षणाची एक जादा पाळी माझ्या नावावर टाकली. मी ‘चालेल, सर’ म्हणाले आणि घरी येऊन रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. छापील फॉर्मवर हा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, टीकाटिप्पणी न करता लिहायचा होता. मग त्याचा मी लावलेला अर्थ लिहिला : ‘मला कोणी गृहीतच धरते.’ मग मी काय केले, आणि निष्पन्न काय झाले. त्यानंतरचा रकाना होता, काय व्हायला हवे होते. मी लिहिले, ‘सरांनी स्वतःहून समजून घ्यायला हवे होते.’ थेरपिस्टनी तो कागद माझ्याकडे वळवून शांतपणे विचारले, ‘हे घडवून आणणे तुमच्या हातात आहे का?’ त्या एका प्रश्नावर जवळजवळ संपूर्ण सेशन गेले. शेवटी त्या रकान्यात नवे वाक्य आले : ‘या आठवड्यात माझ्या दोन पाळ्या आधीच आहेत, तिसरी जमणार नाही, एवढे मी बोलावे.’ पुढच्या खेपेला मी ते खरोखरच बोलले. ‘बरं, मग दुसऱ्या कोणाला तरी विचारतो,’ असे म्हणून सर यादीकडे वळले. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. आपण बोललो आणि पुढे काहीतरी वेगळे घडले, हा अनुभव मला मात्र इतका नवा होता, की तो मी त्याच आठवड्यात तीन जणांना सांगितला.

या पद्धतीची कीर्ती २००० सालच्या एका अभ्यासामुळे झाली. मार्टिन केलर आणि सहकाऱ्यांनी ६८१ रुग्णांचे तीन गट केले. बारा आठवड्यांनंतर केवळ गोळी किंवा केवळ थेरपी घेणाऱ्यांत सुमारे ४८ टक्क्यांना लक्षणीय फरक पडला, तर दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत तो ७३ टक्क्यांना पडला. हा आकडा जाहिरातीसारखा सर्वत्र फिरतो, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यातील नेफाझोडोन हे औषध यकृतावरील गंभीर दुष्परिणामांमुळे पुढे अनेक देशांत बाजारातून मागे घेतले गेले. आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, गोळीने पुरेसे बरे न झालेल्या रुग्णांना सीबास्पची जोड देऊनही केवळ गोळ्यांच्या तुलनेत ठळक फायदा दिसला नाही. शिवाय दशकभर मुरलेल्या आजाराचा न्याय बारा आठवड्यांत करणे मला पटत नाही. एक अवजार म्हणून सीबास्प उत्तम आहे. विशेषतः ज्यांना ‘नुसते बोलून काय होणार’ असे वाटते, त्यांच्यासाठी ती सुरुवात फार सोयीची ठरते, कारण तिथे हातात कागद असतो आणि दर आठवड्याला काहीतरी करायचे असते.

माझ्या अनुभवाचा गाभा मात्र त्यानंतरच्या मनोगतिकीय (सायकोडायनॅमिक), म्हणजे मनोविश्लेषणातून निघालेल्या आणि दडलेल्या भावना व जुन्या नात्यांवर काम करणाऱ्या थेरपीत आहे. इथे फॉर्म नाही, गृहपाठ नाही आणि बऱ्याचदा सल्लाही नाही. थेरपिस्ट समोरच्या खुर्चीत बसतात; कोचावर आडवे होऊन बोलण्याचा चित्रपटांतला प्रकार आठवड्यातून अनेकदा होणाऱ्या शास्त्रोक्त मनोविश्लेषणातला आहे. सुरुवातीला शांततेचा त्रास होतो. ‘मॅडम, आता मी काय बोलू?’ असे मी वारंवार विचारत असे आणि त्या ‘काय बोलायचे नाही असे वाटते आहे?’ असा उलट प्रश्न करीत. हा प्रकार काही आठवडे मला चक्क शुल्क उकळण्याचा वाटला.

मग मे महिना आला. त्यांनी आपल्या सुट्टीची कल्पना महिनाभर आधी दिली होती. सुट्टीनंतर मी गेले, विचारपूस केली, ‘विशेष काही नाही, सगळे ठीक आहे’ म्हणाले, आणि पुढचे दोन्ही आठवडे उशिरा पोहोचले. कारण अर्थातच वाहतुकीचे होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘मला वाटते, मी गेले याचा तुम्हाला राग आला आहे, आणि तो मला दिसू नये याची तुम्ही फार काळजी घेत आहात.’ मी जोरजोरात नाकारले. त्यानंतरच्या आठवड्यांत या नाकारण्याचाच धागा उलगडत गेला. घरात आई दीर्घकाळ आजारी होती, तिला त्रास नको म्हणून आम्हा भावंडांना राग गिळण्याची सवय लावली गेली होती, आणि गिळलेल्या रागाचा रोख मी कित्येक वर्षे स्वतःवरच वळवत आले होते. स्वतःकडे वळलेला राग आणि खिन्नता यांचा संबंध फ्रॉइडने १९१७ मध्येच मांडला होता, आणि ते मला पुस्तकातून ठाऊकही होते. पण जिच्यावर राग आला आहे ती व्यक्ती समोर बसलेली आहे, तिला तो समजला आहे आणि तरीही पुढच्या मंगळवारी ती त्याच वेळी दार उघडते आहे, हे अनुभवल्यावर त्या माहितीला अर्थ आला. जुन्या नात्यांचा साचा थेरपिस्टबरोबरच्या नात्यात उमटतो आणि तिथे तो हाताळता येतो, या पद्धतीचे सारे तंत्र यावर उभे आहे. त्यामुळेच तिला वेळ लागतो. नाते बसायलाच काही महिने जातात आणि साचा उमटण्यासाठी सुट्ट्या, उशीर, शुल्कवाढ, गैरसमज असे सगळे घडून जावे लागते.

आता हे सगळे एका समाधानी ग्राहकाचे बोलणे झाले. पुरावा काय सांगतो? लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये झालेला आणि पीटर फोनागी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला सर्वात प्रामाणिक वाटतो. त्यात १२९ रुग्ण होते, सर्वांचे नैराश्य किमान दोन वर्षांचे, आणि प्रत्येकाचे किमान दोन उपचार आधी अयशस्वी झालेले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर दीड वर्ष दर आठवड्याला मनोगतिकीय थेरपी मिळाली, दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार. थेरपी संपली त्या दिवशीचे चित्र निराशाजनकच म्हणावे लागेल : पूर्णपणे बरे झालेले लोक थेरपीच्या गटात ९.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.५ टक्के, म्हणजे फरक नगण्य. अभ्यास तिथेच थांबवला असता, तर ही सेवा निरुपयोगी ठरली असती. पण संशोधकांनी आणखी दोन वर्षे पाठपुरावा केला. सुरुवातीपासून साडेतीन वर्षांनी अंशतः बरे असलेल्यांचे प्रमाण थेरपीच्या गटात ३० टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४.४ टक्के, आणि तीव्र नैराश्याच्या निदानात न बसणारे लोक अनुक्रमे ४४ आणि १० टक्के. थेरपी थांबल्यानंतर एका गटाची स्थिती टिकली, दुसऱ्याची घसरत गेली.

या आकड्यांकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिले पाहिजे. इतके करूनही पूर्णपणे बरे झालेले लोक शंभरातले जेमतेम पंधरा होते. त्यामुळे ‘मुळापासून बरे करतो’ असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठून यावे. दुसरीकडे, इतर उपचारांनी हात टेकलेल्या या रुग्णांत जवळजवळ निम्मे लोक आजाराच्या उंबरठ्याखाली येणे आणि तिथे राहणे, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

मनोविश्लेषणच सर्वश्रेष्ठ, असे मानण्याचेही कारण नाही. जर्मनीत मारियान लॉयझिंगर-बोलेबर आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन नैराश्याच्या २५२ रुग्णांवर मनोविश्लेषणात्मक थेरपी आणि लांबवलेली सीबीटी यांची तुलना केली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत सुमारे ४५ टक्के रुग्ण बेकच्या मोजपट्टीवर (नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली; आकडा जितका कमी, तितके नैराश्य कमी) बरे म्हणावे अशा स्थितीत आले, आणि दोन पद्धतींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मनोविश्लेषणात सेशनांची संख्या मात्र कितीतरी जास्त होती. जर्मनीत हा प्रश्न रुग्णाच्या खिशाला फारसा जाणवत नाही, कारण तिथला सार्वजनिक आरोग्य विमा मंजुरीनंतर मनोविश्लेषणाची ३०० पर्यंत सेशन देतो. स्वतःचे पैसे मोजणाऱ्याने मात्र हा निष्कर्ष दोनदा वाचावा. ज्याला सीबीटीची शिस्त मानवते, त्याने तीच पद्धत त्याच थेरपिस्टकडे वर्ष-दोन वर्षे चालवली, तरी त्याचे फारसे नुकसान होणार नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे. पुण्या-मुंबईत खासगी थेरपीचे शुल्क सेशनला साधारण हजार ते तीन हजार रुपये पडते. दीड हजार रुपये धरले आणि सुट्ट्या वगळून वर्षाची ४५ सेशन झाली, तर साडेसदुसष्ट हजार रुपये होतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच पातळीवर संरक्षण द्यायचे आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपी तर बाह्यरुग्ण सेवेत मोडते, त्यामुळे कायद्याचा हा आधार व्यवहारात फारसा हाती लागत नाही. काही थेरपिस्ट उत्पन्न पाहून सवलतीचे शुल्क घेतात. विचारायला संकोच करू नये. मी विचारले आणि काही महिने तशी सवलत मिळाली.

सेवेतील त्रुटींबद्दलही लिहिले पाहिजे. याआधी मी ज्या एका समुपदेशन केंद्रात जात होते, तिथे न सांगता थेरपिस्ट बदलले गेले आणि प्रत्येक नव्या व्यक्तीसमोर मला तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. दीर्घ मुदतीच्या उपचारात याइतके घातक दुसरे काही नाही, कारण इथे नाते हेच औषध आहे. दुसरी उणीव नियमनाची. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि ती तपासता येते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र काही महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतरही लावलेली दिसते. मनोगतिकीय पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण आणि स्वतःच्या कामावर ज्येष्ठांची देखरेख, या दोन्ही गोष्टींबद्दल पहिल्याच भेटीत विचारावे. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, म्हणजे ही परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी या पद्धतीचा जाणकार सापडणे आजही कठीण आहे, आणि सापडला तर तो मराठीतून सहज काम करेलच अशी खात्री नाही. ऑनलाइन सेशनांनी अंतराची अडचण कमी केली आहे, मात्र घरात दार लावून पन्नास मिनिटे मोकळेपणाने बोलता येईल अशी खोली किती जणांकडे असते?

तिसरी उणीव या पद्धतीच्या स्वभावातलीच आहे. थेरपी दिशाहीनपणे रेंगाळू शकते. मी आग्रह धरला म्हणून दर तीन महिन्यांनी आम्ही एकवीस प्रश्नांची बेकची मोजपट्टी भरत होतो आणि त्यावर बोलत होतो. हा आग्रह ग्राहकाला धरावा लागू नये. वर्षभरात काहीच हलले नसेल, तर पद्धत, थेरपिस्ट किंवा गोळ्या यांपैकी काहीतरी बदलण्याची चर्चा थेरपिस्टनेच काढली पाहिजे.

ही सेवा कोणासाठी योग्य नाही, हेही स्पष्ट आहे. आत्महत्येचे विचार येत असतील, खाणे-झोपणे पूर्ण बिघडले असेल, तर आठवड्यातून एकदाच्या संथ उपचारावर विसंबून न राहता त्वरित मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची हेल्पलाइन चोवीस तास उपलब्ध आहे. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या व्यक्तीनेही आधी कमी मुदतीचा, स्वस्त उपाय करून पाहावा.

माझी थेरपी आता संपली आहे. शेवटचे काही महिने केवळ समारोपासाठी राखून ठेवलेले होते आणि ते मला सर्वात जड गेले. उदासी मध्येच परतली, पुन्हा दोनदा उशीर झाला, आणि या वेळी त्याचे कारण मी स्वतःहून सांगितले. समारोपानंतर सहा महिन्यांनी मोजपट्टी पुन्हा भरायची, असे आम्ही पहिल्या महिन्यातच ठरवले होते. त्या वेळचा आकडा शेवटच्या सेशनच्या आकड्यापेक्षा खाली होता, शून्यापासून मात्र बराच वर. गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केला आहे, बंद केलेला नाही. पुढचे आढावा-सेशन वर्षाने आहे आणि त्याचे शुल्क नेहमीइतकेच आहे.